फुटबॉलचे तिकीट आणि कारागिराचा खिसा

व्यापाराच्या पानावर फुटबॉल कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. जेथे हजार माणसे जमतात तेथे चहा विकला जातो, चणे विकले जातात, झेंडे शिवले जातात आणि जर्सीवर नंबर छापले जातात. सामन्याचे तिकीटही एक मालच आहे. त्याचा भाव चुकला तर गिऱ्हाईक फिरते, आणि हे गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक वेळा आपलाच विणकर, शिंपी, मेकॅनिक किंवा हमाल असतो. म्हणून या मालाच्या भावाचा विचार दुकानदाराच्या नजरेने व्हावयास हवा.

नागपूरकरांना या खेळाची ओळख करून देण्याची गरज नाही. मोमीनपुऱ्यातील यंग मुस्लिम फुटबॉल क्लब आणि कामठीचा रब्बानी क्लब ही नावे नागपूरच्या लीगमध्ये वर्षानुवर्षे ऐकू येत आहेत. कामठी हे १८२१ साली वसलेले छावणीचे गाव. पुढे त्याच शतकात उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी तेथे माग बसविले. अशा गावात फुटबॉल रुजला यात नवल नाही. या खेळाला फार साहित्य लागत नाही. एक चेंडू आला की बावीस जण खेळतात आणि सारा मोहल्ला पाहतो. शहरात धंतोलीचे यशवंत स्टेडियम आहे, पण हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तेथे खेळापेक्षा धरणे आणि सभा यांचीच गर्दी अधिक असते.

झोपडपट्टीतील पोरांनाही याच शहराने मैदानावर आणले. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली सुरू केलेल्या कामावर पुढे ‘झुंड’ हा चित्रपट निघाला. तो २०२२ साली देशभर तिकीट काढून पाहिला गेला. नागपूरच्या फुटबॉलवरच्या चित्रपटाला तिकीट लागते, मग नागपूरच्या फुटबॉलला का लागू नये? आणि लावायचे तर किती?

गर्दीची ताकद

जुना काळ आठवावा. १९३४ साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने गोऱ्यांच्या संघांना मागे टाकून कलकत्ता लीग जिंकली. ही लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे हा मान त्याने सोडला नाही. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ पासून भरत असे. ती जिंकणारा पहिला भारतीय संघ होता बंगलोर मुस्लिम्स, साल १९३७. या संघांमागे कंपन्यांचे कोट्यवधी रुपये नव्हते. आपला संघ म्हणून मैदानावर येणारी माणसे हेच त्यांचे भांडवल होते.

हे भांडवल आटले की काय होते तेही मुंबईतच दिसले. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला पाच-शून्य असे हरविले, पण पाहायला होते अवघे २,५६९ प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने हात जोडून लोकांना मैदानावर बोलाविले. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. मैदान तेच, संघ तोच. फरक पडला तो बोलावण्याने. दुकान उघडून बसले म्हणजे गिऱ्हाईक येते असे नाही, हे आमच्या व्यापारी बांधवांना वेगळे सांगावयास नको.

विलायतेचा धडा

इंग्लंडमध्ये १९८९ साली हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्या बळींची संख्या पुढे ९७ वर गेली. त्यानंतर मोठ्या क्लबांच्या मैदानांवर उभे राहून पाहण्याच्या जागा गेल्या आणि खुर्च्या आल्या. हे सुरक्षेसाठी गरजेचे होते. पण खुर्चीसोबत भावही चढला. १९८९-९० च्या हंगामात मँचेस्टर युनायटेडचा सामना साडेतीन पौंडांत पाहता येत असे. २०१६ साली लिव्हरपूल क्लबने काही जागांसाठी ७७ पौंडांचा भाव जाहीर केला. तेव्हा सुमारे दहा हजार प्रेक्षक ७७व्या मिनिटाला उठून चालते झाले. काही दिवसांतच मालकांना तो भाव मागे घ्यावा लागला. त्याच वर्षीपासून परगावच्या पाठीराख्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा ठरली.

जर्मनीचा रिवाज निराळा आहे. तेथे बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती असतात. डॉर्टमुंडच्या मैदानात एका बाजूला सुमारे पंचवीस हजार लोक आजही उभे राहून, इतरांपेक्षा स्वस्त तिकिटात सामना पाहतात. स्टेडियमचा खरा आवाज त्याच बाजूने येतो. महाग खुर्चीवरचा माणूस त्या आवाजासाठीही पैसे मोजत असतो. म्हणजे स्वस्त तिकीट हा दानधर्म नव्हे. महाग तिकीट विकले जाते त्याचे कारणच ते आहे.

आपला हिशेब

आता घरचा हिशेब करू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत. तिकीट वीस रुपये ठेवले आणि दोन हजार लोक आले, तर गेटावर चाळीस हजार रुपये जमतील. प्रत्येकाने पंधरा रुपयांचा चहा-चणा घेतला तर ठेलेवाल्यांच्या गल्ल्यात तीस हजार पडतील. एकूण उलाढाल सत्तर हजारांची. उलट तिकीट शंभर केले आणि तीनशेच माणसे आली, तर गेटावर तीस हजार, ठेल्यावर साडेचार हजार. उलाढाल निम्म्यावर आली, आणि रिकामी गॅलरी पाहून पुढच्या वर्षी जाहिरातदारही हात आखडता घेईल.

तिकीट अजिबात न ठेवणे हाही उपाय नव्हे. रेफरीचे मानधन, चुना, पाणी, रुग्णवाहिका यांचा खर्च कोणाला तरी करावाच लागतो. तो दर वर्षी एकाच पुढाऱ्याच्या खिशातून निघू लागला की स्पर्धाही त्याचीच होते. वीस रुपये देणारा प्रेक्षक मात्र हिशेब विचारू शकतो. कराची भीती बाळगण्याचेही कारण नाही. मान्यताप्राप्त क्रीडा सामन्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही. सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्क्यांचा दर आहे तो आयपीएलसारख्या सामन्यांच्या तिकिटांना.

खर्च तिकिटापुरताच नसतो हेही लक्षात घ्यावे. कामठीचा विणकर दोन मुलांना घेऊन यशवंत स्टेडियमवर आला, तर तिकिटांपेक्षा जाण्या-येण्याचे भाडे जड होते. माग बंद ठेवला तर त्या वेळची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून सामना सुट्टीच्या दिवशी आणि कामाची वेळ सांभाळून ठेवला, मुलांना तिकीट माफ केले, तर वीस रुपयांच्या तिकिटाला अर्थ आहे.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. ज्याला शंभर रुपये सहज परवडतात तोच आयोजकांकडे फुकट पास मागतो, आणि सावलीतल्या खुर्चीवर बसतो. उन्हात बसणारा मजूर मात्र तिकीट काढून आलेला असतो. आपण व्यापाऱ्यांनी पास मागणे सोडले पाहिजे. पुढच्या खुर्च्यांना शंभर रुपये ठेवावेत आणि ते आपण आनंदाने द्यावेत. म्हणजे मागची जागा वीस रुपयांत राहू शकेल.

गर्दीची जबाबदारी

कोल्हापूरकडे पाहावे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस असे पेठांचे आणि तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा लोक तिकीट काढून गॅलरी भरतात. महाराष्ट्रात असे वातावरण अन्यत्र क्वचितच दिसेल. पण पाठीराख्यांच्या हाणामाऱ्यांमुळे तेथेही सामने थांबविण्याची वेळ आली आहे. हुल्लडबाजीने घोषणा देणाऱ्याचे नुकसान थोडे होते. त्या दिवशी माल भरून बसलेल्या ठेलेवाल्याचे नुकसान मोठे होते, आणि पोरीबाळींना घेऊन आलेले कुटुंब पुन्हा फिरकत नाही.

गर्दी जिवावरही उठू शकते. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर फुटबॉल सामन्यात सोळा पाठीराखे मरण पावले. खुद्द नागपुरात नोव्हेंबर १९९५ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या क्रिकेट मैदानावर भारत-न्यूझीलंड सामना चालू असताना भिंत कोसळली आणि प्रेक्षकांचे जीव गेले. तिकीट घेतले म्हणजे जागाही दिली पाहिजे. जितकी जागा तितकीच तिकिटे छापावीत, बाहेर पडण्याचे दरवाजे सामना संपेपर्यंत उघडे ठेवावेत, आणि बायका-मुलांसाठी वेगळी बाजू राखावी.

करण्यासारखे काही

आमच्या सूचना थोडक्यात अशा आहेत. स्पर्धेच्या जर्सी आणि झेंडे बाहेरगावाहून न मागविता आपल्याच शिंप्यांना व छपाईवाल्यांना द्यावेत. ठेल्यांच्या जागा लिलावाने एकाच धनाढ्याला न देता लहान विक्रेत्यांना चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. दुकानदारांनी एकेका सामन्याचा रुग्णवाहिकेचा किंवा पाण्याचा खर्च उचलावा व त्याबदल्यात आपली पाटी लावावी. सर्वांत महत्त्वाचे, गेटावर किती जमले आणि कोठे खर्च झाले याचा कागद अंतिम सामन्यानंतर आठ दिवसांत क्लबच्या दारावर चिकटवावा.

ज्या मालाचा हिशेब उघडा असतो त्याला गिऱ्हाईक तुटत नाही. मोमीनपुरा आणि कामठीच्या क्लबांकडे खेळाडू आहेत, पाठीराखे आहेत. वीस रुपयांचे तिकीट आणि भिंतीवरचा एक कागद, एवढ्यावर येत्या हंगामाची सुरुवात करून पाहावी.