कार्यप्रणालीच्या आज्ञावलीतील लघु साहाय्यक फंक्शने आणि हेडर फाइल : लिनक्स कर्नलच्या संदर्भात

प्रास्ताविक

सी भाषा शिकणारा विद्यार्थी पहिल्याच तासाला आपल्या आज्ञावलीच्या माथ्यावर हेडर फाइलचा उल्लेख करावयास शिकतो. तो का करावयाचा, याचे 'त्याशिवाय प्रिंटएफ चालत नाही' एवढेच उत्तर बहुतेकांना ठाऊक असते. पुढे केव्हातरी त्याला एक नियम सांगितला जातो : हेडर फाइलमध्ये फंक्शनची केवळ घोषणा असावी, त्याची प्रत्यक्ष व्याख्या सी फाइलमध्ये असावी. नियम योग्यच आहे. परंतु लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, उघडून पाहिल्यास हा नियम असंख्य ठिकाणी जाणीवपूर्वक मोडलेला आढळतो. दोन-तीन ओळींची लहान साहाय्यक फंक्शने तेथे आपल्या संपूर्ण देहासह हेडर फाइलमध्ये वास्तव्य करून असतात. ती तेथे का नेली जातात, नेल्याने काय साधते आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हेडर फाइल म्हणजे नेमके काय?

हेडर फाइल ही स्वतंत्रपणे कंपाइल होत नाही. सी फाइल कंपाइल करण्यापूर्वी प्रीप्रोसेसर त्या हेडरचा मजकूर जसाच्या तसा उचलून सी फाइलमध्ये ओततो. एक हेडर हजार सी फाइलींनी मागविला, तर तो मजकूर हजार वेळा वाचला जातो. कंपायलर एका वेळी एकच सी फाइल पाहतो, ही दुसरी गोष्टही ध्यानात ठेवावी लागते. शेजारच्या सी फाइलमधील फंक्शनच्या पोटात काय आहे, हे त्याला सामान्यतः दिसत नाही. त्याला केवळ नाव, परतीचा प्रकार आणि प्राचलांचे प्रकार कळतात. त्यामुळे तो निमूटपणे 'कॉल' ही सूचना लिहून पुढे जातो. लिंकर नंतर पत्ता भरतो.

एखादे फंक्शन केवळ 'ही यादी रिकामी आहे काय' एवढेच पाहणारे असेल, तर त्याचे मूळ काम एका तुलनेचे असते. त्या एका तुलनेसाठी रजिस्टरे जपणे, उडी मारणे आणि परत येणे हा सारा सोपस्कार करावा लागतो. व्याख्याच हेडरमध्ये असेल, तर कंपायलरला फंक्शनचे अंतरंग दिसते आणि तो कॉलऐवजी ती तुलना जागेवरच लिहितो. यालाच इनलाइन करणे असे म्हणतात. कर्नलमधील जोडसाखळीची, म्हणजे लिंक्ड लिस्टची, घटक जोडणारी, काढणारी व तपासणारी फंक्शने याच रीतीने 'लिस्ट.एच' या हेडरमध्ये ठेवलेली आहेत. ही प्रथा नवी नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या ०.०१ या पहिल्या आवृत्तीतही अक्षरमालिकांवर काम करणारी फंक्शने 'स्ट्रिंग.एच'मध्ये इनलाइन स्वरूपातच लिहिलेली होती.

मॅक्रो की फंक्शन?

जुन्या आज्ञावलींत हेच काम मॅक्रो करीत असत. मॅक्रो म्हणजे शब्दाच्या जागी शब्द ठेवणे. त्याला प्रकार कळत नाहीत, आणि दिलेले प्राचल जितक्या वेळा त्याच्या देहात येईल तितक्या वेळा ते मोजले जाते. दोहोंतील लहान संख्या देणाऱ्या साध्या मॅक्रोला 'आय वाढवून घे' असे पद दिले, तर ते पद तुलनेत एकदा आणि उत्तरात पुन्हा एकदा गणले जाऊन आय दोनदा वाढू शकतो. चूक डोळ्यांना दिसत नाही. उत्तर मात्र चुकते. इनलाइन फंक्शनमध्ये प्राचल एकदाच मोजले जाते आणि प्रकारांची तपासणीही होते. म्हणूनच कर्नलच्या लेखनशैलीविषयक अधिकृत मार्गदर्शिकेत फंक्शनसारख्या दिसणाऱ्या मॅक्रोपेक्षा इनलाइन फंक्शनला प्राधान्य दिलेले आहे.

येथे 'स्टॅटिक' या शब्दाचे स्थान समजून घेणे आवश्यक आहे. साधे फंक्शन हेडरमध्ये लिहिले, तर ते मागविणाऱ्या प्रत्येक सी फाइलमध्ये त्याच नावाची एकेक सार्वजनिक व्याख्या तयार होते आणि लिंकर 'एकाच नावाच्या अनेक व्याख्या' म्हणून काम थांबवितो. स्टॅटिक म्हटल्यावर ती व्याख्या त्या त्या फाइलपुरती खाजगी होते. केवळ स्टॅटिक म्हणून भागत नाही. कारण ज्या फाइलींनी ते फंक्शन वापरलेच नाही, तेथे 'न वापरलेले फंक्शन' अशी सूचना येऊ लागते. हेडरमध्ये 'स्टॅटिक इनलाइन' ही जोडी रूढ झाली ती यामुळे. तिसरा पर्याय 'एक्स्टर्न इनलाइन' हा होता. त्याचा अर्थ जीएनयू कंपायलरच्या जुन्या बोलीत एक आणि सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकात जवळजवळ उलटा असा झाला. जुन्या बोलीत अशा व्याख्येतून स्वतंत्र फंक्शन कधीच निर्माण होत नसे. नव्या प्रमाणकानुसार ते निर्माण होते. २०१५ मध्ये जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीने नवे प्रमाणक हेच मूळ गृहीत धरल्यावर अनेक जुन्या आज्ञावली लिंक होईनाशा झाल्या. एका शब्दाच्या अर्थांतरामुळे चालती आज्ञावली बंद पडावी, हे उदाहरण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही रंजक वाटावे.

एका गुणाकाराची कथा

वेग हा मुद्दा पाठ्यपुस्तकांत सांगितला जातो आणि बहुतेक पाठ्यपुस्तके तेथेच थांबतात. प्रत्यक्षात साहाय्यक फंक्शन सामायिक हेडरमध्ये नेण्याचे अधिक महत्त्वाचे कारण सुरक्षिततेचे आहे, असे दिसते.

कर्नलमध्ये एखाद्या रचनेच्या 'एन' प्रती ठेवण्यासाठी स्मृती मागावयाची असल्यास पूर्वी 'एन गुणिले आकार' असा गुणाकार जागच्या जागी लिहून तो 'केमॅलॉक' या फंक्शनला दिला जात असे. ३२ बिटांच्या यंत्रावर आकारमान दर्शविणारी संख्या ४,२९४,९६७,२९५ च्या पुढे जाऊ शकत नाही. आता आकार ४ बाइट आणि एन १,०७३,७४१,८२५ असे मानू. गुणाकार ४,२९४,९६७,३०० येतो; तो मर्यादेत मावत नाही व गुंडाळला जाऊन केवळ ४ उरतो. कर्नल चार बाइट देऊन मोकळे होते, आणि पुढील आवर्तन शंभर कोटींहून अधिक घटक तेथे लिहावयास निघते. 'एन' ही संख्या बाहेरील वापरकर्त्याच्या हाती असेल, तर दुसऱ्याच्या स्मृतीवर लिहिण्याचा मार्ग त्याला खुला होतो.

यावरील तपासणी दोन ओळींची आहे. परंतु ती प्रत्येक ड्रायव्हरच्या लेखकाने स्वतंत्रपणे आठवणीने लिहावयाची म्हटल्यास कोणीतरी विसरणार, आणि कोणीतरी चुकीची लिहिणार. २०१२ मध्ये ३.४ या आवृत्तीत 'केमॅलॉक अॅरे' हे लघु फंक्शन 'स्लॅब.एच' या हेडरमध्ये आले. ते गुणाकार मर्यादेबाहेर जातो काय हे पाहून मगच स्मृती मागते. २०१८ मध्ये 'ओव्हरफ्लो.एच' हा स्वतंत्र हेडर सिद्ध झाला. त्यातील साहाय्यक फंक्शने उत्तर मावत नसल्यास शक्य ती सर्वांत मोठी संख्या परत देतात. तेवढी स्मृती कोठेच नसल्याने मागणी आपोआप नाकारली जाते. चुकीच्या उत्तरापेक्षा नकार बरा, हे तत्त्व येथे अवघ्या काही ओळींत उतरविले आहे. त्याच वर्षी कीस कुक यांनी कर्नलभर विखुरलेले असे उघडे गुणाकार यांत्रिक शोध-बदल साधनाच्या साहाय्याने या फंक्शनांकडे वळविले.

'केमॅलॉक' स्वतः हेही याच विषयाचे चांगले उदाहरण आहे. त्याचा वरचा थर हेडरमध्ये सक्तीने इनलाइन केलेला आहे. मागितलेला आकार आज्ञावली लिहितानाच ठरलेला असेल, उदाहरणार्थ १०० बाइट, तर १२८ बाइटांच्या साठ्यातून द्यावयाचे हा निर्णय कंपायलर आधीच करून ठेवतो. प्रत्यक्ष चालताना त्यासाठी एकही तुलना करावी लागत नाही. हेच फंक्शन सी फाइलमध्ये दडविले असते, तर १०० ही संख्या स्थिर आहे हे ज्ञान वाटेतच हरवले असते.

पर्यायी सुविधा आणि रिकामी फंक्शने

कर्नलमधील अनेक सुविधा बांधणीच्या वेळी वगळता येतात. वगळलेल्या सुविधेचे फंक्शन इतरत्र वापरलेले असल्यास काय करावे? सी फाइलींत जागोजागी सशर्त संकलनाच्या ओळी पेरणे हा एक मार्ग आहे. त्याने आज्ञावली वाचण्यास अत्यंत किचकट होते. त्याऐवजी हेडरमध्येच त्या फंक्शनची रिकामी प्रतिकृती ठेवतात. दोष-शोधनासाठीची 'डीबगएफएस' ही सुविधा नसेल, तर तिच्या हेडरमधील निर्देशिका निर्माण करणारे फंक्शन केवळ 'असे साधन नाही' हा त्रुटिसंकेत परत देते. सुविधा बंद असतानाही प्राचलांचे प्रकार तपासले जातात, हा येथे मोठा लाभ होय.

किंमत

इतके लाभ पाहून सर्वच फंक्शने हेडरमध्ये न्यावीत, असे वाटणे स्वाभाविक आहे. कर्नलच्या मार्गदर्शिकेने या प्रवृत्तीस चक्क रोग म्हटले असून तीन ओळींहून मोठे फंक्शन सहसा इनलाइन करू नये, असा ठोकताळा दिला आहे. त्यामागील गणित सोपे आहे. ६० बाइटांचे फंक्शन ५०० ठिकाणी इनलाइन केल्यास ३०,००० बाइट लागतात. एक्स८६ प्रक्रियकावर साधा कॉल ५ बाइटांचा असतो. म्हणून तेच फंक्शन एकदाच ठेवून बोलाविल्यास सुमारे २,५६० बाइट पुरतात. अनेक प्रक्रियकांत सूचनांसाठीची प्रथम स्तरावरील कॅश ३२ किलोबाइटांची असते, हे लक्षात घेतल्यास पहिला आकडा किती महाग आहे ते कळते. वाचविलेला कॉल पुष्कळदा मुख्य स्मृतीकडे माराव्या लागणाऱ्या फेरीत गमवावा लागतो.

आणखी एक अडचण दुरुस्तीच्या वेळी जाणवते. इनलाइन फंक्शन प्रत्येक वापराच्या जागी मुरलेले असते. त्यात दोष सापडल्यास कर्नल बदलून भागत नाही. ज्या ज्या मॉड्यूलमध्ये ते मुरले आहे ते प्रत्येक पुन्हा कंपाइल करावे लागते. स्वतंत्रपणे वितरित केलेल्या ड्रायव्हरमध्ये जुना दोष तसाच राहू शकतो. शिवाय असे फंक्शन कॉलचा माग काढणाऱ्या साधनांना दिसत नाही, ही तक्रार दोष शोधणाऱ्यांची नेहमीची आहे.

सर्वांत चिवट प्रश्न मात्र परावलंबनाचा आहे. फंक्शनच्या घोषणेला रचनेचे नुसते नाव पुरते. व्याख्येला रचनेचे सर्व घटक ठाऊक असावे लागतात. म्हणून इनलाइन फंक्शन असलेला हेडर दुसरा हेडर मागवितो, तो तिसरा मागवितो, आणि कधी तिसरा पुन्हा पहिल्याकडेच येतो. हे चक्र तोडण्यासाठी जोडसाखळीची मूळ रचना 'टाइप्स.एच'मध्ये आणि तिची फंक्शने 'लिस्ट.एच'मध्ये अशी विभागणी केलेली आहे. प्रक्रियांची माहिती ठेवणारा 'शेड.एच' हा हेडर इतका फुगला होता की २०१७ मध्ये ४.११ या आवृत्तीत त्याचे अनेक लहान हेडर करण्यात आले. ते काम करणारे इंगो मोल्नार यांनीच जानेवारी २०२२ मध्ये हेडरांची सर्वंकष फेरमांडणी करणारी २,२०० हून अधिक बदलांची मालिका मांडली. तिच्यामुळे कर्नलच्या बांधणीचा वेग ५० ते ८० टक्के वाढतो, असा त्यांचा दावा होता. त्या मालिकेतील एक प्रमुख उपाय म्हणजे पूर्वी हेडरमध्ये नेलेली कित्येक इनलाइन फंक्शने उचलून पुन्हा सी फाइलींत ठेवणे. ती संपूर्ण मालिका एकत्रितपणे मुख्य कर्नलमध्ये सामावली गेली नाही. तिचे काही भाग मात्र तुकड्यातुकड्यांनी स्वीकारले गेले.

दरम्यान निर्णयाचा काही भाग माणसाकडून यंत्राकडे गेला आहे. पूर्वी कर्नलमध्ये 'इनलाइन' हा शब्द अनेक यंत्ररचनांवर सक्तीच्या आज्ञेसारखा वागविला जाई. २०१९ पासून तो केवळ सूचना मानला जातो, आणि फंक्शन जागेवर पसरावयाचे की बोलवावयाचे हे कंपायलर ठरवितो. जेथे सक्ती खरोखरच आवश्यक आहे, तेथे लेखकाला ती वेगळ्या शब्दाने स्पष्टपणे लिहावी लागते. 'केमॅलॉक'च्या वरच्या थरावर ती आजही लिहिलेली आहे.