खाणक्षेत्रातील शेती आणि गावगटांची भागीदारी

खनिजाचा साठा कितीही मोठा असला, तरी तो केव्हा ना केव्हा संपतो. शेती मात्र त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या करावयाची असते. कोळसा, लिग्नाईट व अणुखनिजे वगळता अन्य प्रमुख खनिजांचे खाणपट्टे २०१५ च्या कायदादुरुस्तीनुसार ५० वर्षांसाठी दिले जातात. एका माणसाच्या आयुष्याच्या मानाने हा काळ दीर्घ, पण जमिनीच्या मानाने अल्पच. म्हणूनच खाण कंपनीने गावात किती पैसा दिला, या प्रश्नाइतकाच त्या पैशातून गावाच्या मालकीचे काय उभे राहिले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

गोव्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील लोहखनिजाचे उत्खनन २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबले. त्यासरशी खनिजवाहू ट्रक, बार्ज व त्यांवर अवलंबून असलेले लहानमोठे व्यवसाय ठप्प झाले. ज्या कुटुंबांनी शेती सोडून केवळ खाणीवर विसंबून संसार उभा केला होता, त्यांना सर्वाधिक झळ बसली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात खनिजाच्या विक्रीमूल्यातील १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला, त्यामागेही हीच जाणीव होती.

निधीचे दोन स्वतंत्र प्रवाह

खाणक्षेत्रातील गावांपर्यंत येणारा पैसा मुख्यतः दोन मार्गांनी येतो. गावपातळीवर त्यांची अनेकदा गल्लत होते.

पहिला मार्ग कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचा, म्हणजेच सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आर्थिक निकषांत बसणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. उपजीविका, ग्रामविकास, नैसर्गिक साधनसंपत्तीचे संवर्धन व कृषिवनीकरण ही कामे त्यात बसतात. या निधीचा विनियोग कंपनीचे संचालक मंडळ ठरवते.

दुसरा मार्ग जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा. हा निधी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसतो. लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या १० टक्के, तर १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांवर ३० टक्के इतकी रक्कम खाणपट्टाधारकास प्रतिष्ठानाकडे भरावी लागते. ‘प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजने’च्या २०२४ मधील सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ७० टक्के निधी उच्च प्राधान्याच्या कामांसाठी राखून ठेवलेला असून, त्यांत आता शेती व पशुसंवर्धन यांचाही समावेश आहे. अनुसूचित क्षेत्रातील बाधित गावांमध्ये अशा कामांना ग्रामसभेची मान्यता आवश्यक असते.

थोडक्यात, सीएसआरसाठी कंपनीशी संवाद साधावा लागतो, तर प्रतिष्ठानाच्या निधीसाठी ग्रामसभेचा ठराव आणि जिल्हा प्रशासनाकडे पाठपुरावा करावा लागतो. कंपनीच्या दारी प्रतिष्ठानाच्या निधीची मागणी केल्यास वेळ वाया जातो आणि गैरसमजही वाढतात.

राजस्थानातील ‘समाधान’ आणि ‘सखी’

उदयपूर जिल्ह्यातील जावर येथे जस्ताचे उत्खनन व शुद्धीकरण शतकानुशतके होत आले आहे. जावरसह राजसमंद, भीलवाडा व अजमेर या जिल्ह्यांत आज हिंदुस्तान झिंक कंपनीच्या खाणी आहेत. हा प्रदेश कमी पावसाचा असून मका, गहू, मोहरी आणि पशुपालन यांवर तेथील बहुसंख्य कुटुंबे अवलंबून आहेत.

कंपनीने येथे ‘समाधान’ हा कृषी व पशुधन विकास कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या अंमलबजावणीसाठी बायफ या संस्थेची साथ घेण्यात आली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे स्थापन केलेली ही संस्था संकरित पशुपैदास आणि ‘वाडी’ पद्धतीच्या फळबाग विकासासाठी देशभर परिचित आहे. सुधारित बियाणे, भाजीपाला व फळबाग लागवड, सूक्ष्म सिंचन आणि गोठ्यापर्यंत पोहोचणारी कृत्रिम रेतन सेवा अशी या कार्यक्रमाची मांडणी आहे. त्याला शेतकरी उत्पादक कंपन्यांची जोड देण्यात आली आहे.

‘सखी’ हा दुसरा कार्यक्रम महिलांच्या बचत गटांचा. मंजरी फाउंडेशन या संस्थेच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या रचनेत गट, गावपातळीवरील संघटना आणि त्यावर महासंघ अशा पायऱ्या आहेत. सदस्यांची बचत, अंतर्गत कर्जवाटप व परतफेड यांची शिस्त ही या रचनेची खरी कमाई होय. कारण कर्ज कोणाला द्यावयाचे, याचा निर्णय महिला स्वतः घेतात. निधी देणारा बदलला, तरी ही निर्णयक्षमता गावातच राहते.

या दोन्ही कार्यक्रमांतील कामाची विभागणी लक्षात घेण्याजोगी आहे. कंपनीकडे पैसा असतो, स्वयंसेवी संस्थेकडे तंत्र व मनुष्यबळ असते, गटाकडे स्थानिक ज्ञान व सातत्य असते. तिघांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचा प्रयत्न केला, की कार्यक्रम डळमळू लागतो.

टिकाऊ भागीदारीच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी स्वतःच्या वाट्याची. रोपे, ठिबक संच किंवा दुधाळ जनावर यांत शेतकऱ्याचा अंशतः का होईना, वाटा असल्यास देखभाल चांगली होते. पूर्णतः फुकट मिळालेले यंत्र बिघडल्यावर ते दुरुस्त कोणी करावयाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

दुसरी कसोटी हिशेबाची. गटाचे बँक खाते, इतिवृत्त आणि लेखापरीक्षण गटाच्याच ताब्यात असावे. एप्रिल २०२१ पासून सीएसआर कामे राबवणाऱ्या बाह्य संस्थांना केंद्राकडे नोंदणी बंधनकारक आहे. त्यामुळे बचत गट वा अनौपचारिक शेतकरी गट सहसा नोंदणीकृत संस्थेमार्फतच जोडला जातो. अशा वेळी संस्था, कंपनी व गट यांच्यातील करार स्थानिक भाषेत असावा आणि संस्था बाहेर पडण्याची तारीखही त्यात नमूद असावी.

तिसरी कसोटी बाजारपेठेची. कंपनीची वसाहत किंवा उपाहारगृह हाच एकमेव ग्राहक असेल, तर खाण बंद होताच व्यवसायही बंद पडतो. दूध, भाजीपाला व प्रक्रिया पदार्थ यांना प्रारंभापासून बाहेरचा बाजार मिळवून देणे हिताचे ठरते.

निधी म्हणजे नुकसानभरपाई नव्हे

धुळीने माखलेली पाने, खाणीतील उपशामुळे खालावलेली विहीर, पावसात शेतात वाहून आलेली खाणमाती या तक्रारी खाणक्षेत्रात नेहमीच्याच आहेत. कंपनीने गटाला शिलाई यंत्रे वा बियाणे दिले म्हणून या तक्रारी मिटत नाहीत. अन्य कायद्यांनुसार बंधनकारक असलेले काम सीएसआर म्हणून दाखवता येत नाही, असे नियमच सांगतात. धूळ नियंत्रण, भूपृष्ठावरील सुपीक माती वेगळी साठवून पुनर्वापरात आणणे आणि खाण बंद करण्याचा आराखडा ही कंपनीची स्वतंत्र कर्तव्ये आहेत. पर्यावरण मंजुरीच्या अटींचे पालन कितपत झाले, याचा अहवाल कंपन्यांना दर सहा महिन्यांनी सादर करावा लागतो. असे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज असल्याने गावकऱ्यांनी ते मिळवून वाचावेत.

विस्तार कार्यकर्त्यांचे कार्य

देशातील सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रांपैकी अनेक केंद्रे खनिजसमृद्ध जिल्ह्यांत आहेत. खाणक्षेत्रातील विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

• कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच माती व पाणी परीक्षण करून नोंदी जतन कराव्यात. पुढे सुधारणा अथवा हानी, दोन्ही सिद्ध करण्यास त्या उपयोगी पडतात.

• कंपनीच्या समितीला दरवर्षी सीएसआरचा कृती आराखडा तयार करावा लागतो. म्हणून गटाचा प्रस्ताव नवे आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी सादर करण्यास साहाय्य करावे.

• प्रस्तावात लाभार्थींच्या संख्येबरोबर तिसऱ्या व पाचव्या वर्षी अपेक्षित असलेले उत्पन्न, देखभालीचा खर्च आणि जबाबदार व्यक्ती यांचा उल्लेख असावा.

• जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या नियोजनात शेती, पशुसंवर्धन व जलसंधारणाची कामे ग्रामसभेमार्फत सुचवावीत.

• गटातील किमान दोन तरुणांना रेतन, रोपवाटिका किंवा हिशेब लेखन यांचे प्रशिक्षण द्यावे, म्हणजे बाहेरील संस्था परतल्यावरही सेवा खंडित होणार नाही.

खाण कंपनीचा निधी ही गावासाठी संधी असते, परंतु तिला कालमर्यादा असते. त्या मुदतीत मातीचा कस वाढला, विहिरीत पाणी टिकले, गटाचे भांडवल जमले आणि हिशेब लिहिणारे हात गावातच तयार झाले, तर भूगर्भातील खनिज संपल्यानंतरही शेतीचे चक्र थांबणार नाही.