दुकानाच्या व्हिडिओसाठी लेन्स: ११ एमएम घ्यायची की १६ एमएम?

क्लासमध्ये हा प्रश्न हमखास येतो: "सर, सोनीची ११ एमएम एफ १.८ घेऊ की सिग्माची १६ एमएम एफ १.४?" व्हिडिओत घाईत सांगितलं होतं, इथे नीट लिहितो. कॅमेरा सोनी झेडव्ही-ई१० धरू.

आधी माझी चूक ऐका. आपलं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, आणि माझं दुकान अरुंद. अख्खं दुकान फ्रेममध्ये मावतंय म्हणून मी ११ एमएम घेतली आणि तांब्याची कळशी लेन्सच्या अगदी पुढ्यात ठेवून व्हिडिओ काढला. बाहेरगावच्या एका ताईंनी ऑर्डर दिली. पार्सल उघडल्यावर फोन आला, "दादा, व्हिडिओत तर हंड्याएवढी दिसत होती!" कळशी परत आली, दोन्ही वेळचं भाडं माझ्या खिशातून गेलं. पैशांपेक्षा भरवसा गेला, ते जास्त लागलं.

लेन्स खराब नव्हती. फ्रेम रुंद असली की आपण वस्तूच्या फार जवळ जातो. मग जवळची बाजू फुगते, मागची लहान दिसते. कडेला ठेवलेलं गोल भांडं तर अंड्यासारखं ताणलं जातं.

आता हिशोब बघा. चार फुटांवरून १६ एमएममध्ये जवळपास सहा फूट रुंदी मावते, ११ एमएममध्ये साडेआठ फूट.

११ एमएम कोणासाठी? हातात कॅमेरा धरून बोलणाऱ्यांसाठी. वजन फक्त १८१ ग्रॅम. दोन्ही लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नाही. कॅमेऱ्याचं ॲक्टिव्ह स्टॅबिलायझेशन लावलं की फ्रेम १.४४ पट कापली जाते. तेव्हा ११ एमएमची फ्रेम जवळपास १६ एमएमएवढी उरते. १६ एमएम लावली असेल, तर हाताच्या अंतरावर नुसता चेहराच भरतो.

१६ एमएम कोणासाठी? ट्रायपॉडवर माल दाखवणाऱ्यांसाठी. थोडं मागे सरकावं लागतं, म्हणून आकार खरा दिसतो. एफ १.४ मुळे ११ एमएमपेक्षा दीडपटीहून जास्त उजेड मिळतो, संध्याकाळी फरक कळतो. पण वजन ४०५ ग्रॅम, म्हणजे कॅमेऱ्यापेक्षाही जड!

पैसे घालण्याआधी फुकटची टेस्ट करा. कॅमेऱ्यासोबतची १६-५० लेन्स १६ वर ठेवा, दुकानात उभे राहा. माल आणि तुम्ही, दोन्ही मावताय? मग १६ एमएम घ्या. पाठ भिंतीला टेकूनही मावत नसाल, तरच ११. आणि ११ घेतलीच, तर भांडं फ्रेमच्या मधोमध, तीन-चार फूट लांब ठेवा.

माझं विचाराल तर माल विकणाऱ्याने १६ घ्यावी. लेन्स कोणतीही असो, भांड्याशेजारी मोजपट्टी ठेवा, उंची आणि किती लिटर मावतं ते तोंडाने सांगा. गिऱ्हाईक व्हिडिओ बघून पैसे पाठवतं, माल हातात घेऊन नाही. त्याने जे बघितलं तेच घरी पोहोचलं पाहिजे.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत!