थंडीत केळ खणून टाकू नका

बालमित्रांनो, मार्गशीर्ष-पौषात न्हाणीमागची केळ नीट पाहा. पानं पिवळी पडतात, कडा करपतात, नवं पान सुरळीतच अडून बसतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "केळ गेली, टाका खणून." हा लेख आईवडिलांनीही वाचावा, कारण कुदळ त्यांच्याच हातात असते!

केळीचं खोड हे खरं खोड नव्हेच. ती एकावर एक गुंडाळलेली सोपटं आहेत, म्हणजे पानांचेच खालचे भाग. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. मुनवे त्यालाच फुटतात. वरचं सगळं वाळलं तरी कंद चांगला असेल तर केळ जिवंत आहे. बुंध्याजवळची थोडी माती उकरून कंद दाबून बघावा. टणक लागला तर केळ ठेवावी. मऊ लागून कुजका वास आला तरच ती गेली.

केळ ही उष्ण प्रदेशातली. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत एक नवं पान येतं. पारा १६ अंशांखाली गेला की वाढ मंदावते आणि १० च्या आसपास थांबतेच. आपल्या पुणे भागात थंडीच्या काही रात्री पारा १० च्याही खाली उतरतो. मुळं गारठतात, पाणी ओढत नाहीत. तेव्हा खताचा ढीग घालून काही उपयोग नाही.

खरी काळजी पोटात घड असलेल्या केळीची. कडक थंडीत ती नीट निसवत नाही, घड खोडातच अडकतो. मग वर्षभराची मेहनत वाया जाते. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावलकडे केळीच्या मोठमोठ्या बागा आहेत. तिथले शेतकरी थंडीत रात्री विहिरीचं पाणी देतात. जमिनीखालचं पाणी थंडीत हवेइतकं गार होत नाही. आमच्या बोअरचं पाणीसुद्धा पहाटे कोमट लागतं! ते लोक बागेत पालापाचोळा धुमसवतात, वाऱ्याच्या बाजूला शेवरी लावतात, घडाला केळीचीच वाळकी पानं गुंडाळतात. धुराचा उपाय आपण सोडून देऊ, नाहीतर शेजारी भांडायला येतील. पण रात्री दोन बादल्या पाणी आणि बुंध्याशी उसाचं पाचट एवढं कुणालाही जमेल.

इंग्लंडात तर बर्फ पडतो, तरी लोक जपानी केळ हौसेनं लावतात. पानं कापून खोडाभोवती पेंढा बांधतात. खोड गोठून मेलं तरी उन्हाळ्याच्या तोंडाला कंदातून कोंब येतो. तिची केळी खाण्यासारखी नसतात, शोभा फक्त पानांची. जपानचे कवी बाशो यांनी आपलं नाव या केळीवरूनच घेतलं होतं.

आता सत्यनारायणाच्या खुंटांबद्दल. एका खोडाला घड एकदाच येतो. म्हणून खुंट हवे असतील तर घड उतरवलेली केळ कापा, आणि शेजारचा एक जोमदार मुनवा राहू द्या.