कुठी चालले, भाऊ?

वर्धा नदीकाठच्या पुलगावात फलाटावर रूळ आणि माणूस यांच्यात एक पिवळी पट्टी असते, बस्स. पुलगावचा माणूस मुंबईत 'मेट्रो तीन'च्या स्थानकात उतरला, की त्याला रूळ शोधावे लागतात. आरे ते कफ परेड या ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मार्गावर फलाटाच्या कडेला काचेची उंच भिंत आहे आणि तिला दारे आहेत. गाडी नेमक्या जागी थांबली की डब्याचे आणि भिंतीचे दार जोडीने उघडते. दोन्ही नीट लागल्याशिवाय गाडी हलत नाही.

अशी दारे लेनिनग्राडमध्ये १९६१ साली बसली. उकाड्याच्या सिंगापूरने १९८७ मध्ये ती लावली, तेव्हा फलाटावरची थंड हवा बोगद्यात जाऊ नये हाही एक हेतू होता. पण ही दारे जीवही वाचवतात. सोलमधल्या अभ्यासात दारे बसलेल्या स्थानकांवर आत्महत्या ८९ टक्क्यांनी घटल्या. हाँगकाँगमध्ये सुमारे ६० टक्क्यांनी.

'ज्याला मरायचंच आहे, तो दुसरी जागा शोधेल,' असे आपण सहज म्हणतो. हाँगकाँगच्या अभ्यासात तसे आढळले नाही. गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात वेळीच अडवलेल्या ५१५ जणांचा माग संशोधक रिचर्ड सायडन यांनी काढला. त्यातले सुमारे ९४ टक्के पुढे हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. दुःख जुने असते, पण टोकाची घडी बहुधा थोडा वेळच टिकते. वर्धा नदीला पूर आला की आपण काठावर थांबतो. पाणी ओसरले की तीच वाट पुन्हा चालता येते. दार माणसाला तेवढा वेळ थांबवते.

पुलगावात अशी दारे बसवणे अवघड आहे. इथे पॅसेंजर, एक्स्प्रेस, मालगाडी एकाच रुळावरून धावतात. डब्यांची दारे दर गाडीत वेगळ्या जागी येतात. मग माणसानेच दार व्हायचे. ब्रिटनमध्ये 'समॅरिटन्स' ही संस्था २०१७ पासून रेल्वेप्रवाशांना हेच सांगते : कोणी एकटे, हरवल्यासारखे दिसले तर साधे काहीतरी बोला, विचारांची साखळी तुटू द्या. वृत्तपत्रांचाही यात वाटा आहे. १९८७ मध्ये व्हिएन्नाच्या दैनिकांनी भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या रंगवलेल्या बातम्या थांबवल्या आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्या घटना ८० टक्क्यांहून अधिक घटल्या.

आपल्याकडे अनोळखी माणसालाही 'कुठी चालले, भाऊ?' असे विचारायला मोहीम लागत नाही. शंका आली तर 'जीव द्यायचा विचार येतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे संशोधनाने दाखवले आहे. मग त्याला एकटे सोडू नये, रेल्वे पोलिसांना हाक मारावी आणि 'टेली मानस' या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावून द्यावा. तो मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो. स्वतःच्या मनात असे विचार येत असतील, तर हाच क्रमांक आपल्यासाठीही आहे.