मासळीला पाला हवा

सकाळी नुकतीच उतरवलेली मासळी फारशी वास मारत नाही. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात भल्या सकाळी गेलात तर खाडीच्या खाऱ्या हवेपलीकडे नाकाला विशेष काही जाणवत नाही. दुपारनंतर खवले, डोकी आणि कोळंबीची सालं टोपलीत पडून राहिली की मात्र वास नाकात घर करतो. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं एक रसायन असतं. खाऱ्या पाण्यात पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून त्याची त्यांना मदत होते. मासा मेला की जिवाणू या रसायनातला ऑक्सिजन काढून घेतात आणि ट्रायमिथाइलअमाइन मागे उरतं. आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो मुख्यत्वे याचाच. ते अल्कधर्मी असल्यामुळे आंबटाशी त्याचा क्षार बनतो आणि वास बसतो. मासे साफ केल्यावर हाताला लिंबू चोळणाऱ्या आणि कालवणात कोकम किंवा चिंच टाकणाऱ्या बायकांनी हे रसायनशास्त्र कधीच वापरात आणलं होतं.

टोपलीतल्या ऐवजाचं पुढे काय होतं? बहुतेक घरांत तो पिशवीत भरतात, वास येऊ नये म्हणून पिशवीला घट्ट गाठ मारतात आणि घंटागाडीत टाकतात. खरी गडबड या गाठीत आहे. आत हवा नाही, पाणी भरपूर आणि प्रथिनंही भरपूर, त्यामुळे हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं. ते हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार करतात. पिशवी कचराभूमीवर ढिगाखाली गाडली गेली तरी हे काम चालूच राहतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो.

तीच सालं हवेशीर ढिगात गेली तर कुजण्याची वाट बदलते, पण एका अटीवर. कंपोस्ट करणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कार्बनचे 25 ते 30 भाग लागतात. मासळीच्या अवशेषांत हे प्रमाण नत्रामागे जेमतेम चार-पाच कार्बनचं असतं. जास्तीचं नत्र जिवाणूंना वापरता येत नाही, ते अमोनिया होऊन हवेत जातं. ‘माशांचं खत करून बघितलं, पण घाणच सुटली’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी नेमका कार्बन घातलेला नसतो.

हा कार्बन कोरड्या पाल्यात असतो. वाळलेल्या पानांत नत्राच्या मानाने कार्बन पन्नास-साठ पटींच्या आसपास असतो. ढोबळ हिशेब मांडला तर किलोभर मासळीच्या अवशेषांना अडीच किलोच्या आसपास वाळका पाला लागेल, म्हणजे चांगली गोणभर. घरच्या खतटोपलीत हेच छोट्या प्रमाणात करायचं: खाली पाला, मध्ये सालं, वर पुन्हा वीतभर पाला. मांजर आणि उंदीर दूर राहावेत म्हणून सालं कडेला येऊ द्यायची नाहीत. ओल किती हवी? मिश्रण मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी टपकू नये. ढीग पुरेसा मोठा असेल तर आतलं तापमान 55 अंशांच्या वर जातं आणि रोगजंतू मरतात. छोट्या टोपलीत एवढी ऊब धरत नाही, तिथे वेळ जास्त द्यावा लागतो. कोळंबीच्या सालीतलं कायटिन सगळ्यात हट्टी. मातीतले काही जिवाणू ते खातात, पण सावकाश. खतात पांढरे तुकडे दिसले तर घाबरू नये.

आता गंमत अशी की दिवाळे गावाला खेटून सीबीडी बेलापूर आहे. महापालिकेचं मुख्यालय किल्ले गावठाणाजवळ, चालत जाण्याच्या अंतरावर. कोकण भवन आणि सिडको भवनही याच परिसरात. एका बाजूला नत्राने भरलेला कोळीवाडा, दुसऱ्या बाजूला झाडांचा पाला, पुठ्ठ्याची खोकी आणि रद्दी यांच्या रूपाने कार्बन बाहेर टाकणारी कार्यालयं. एकाला जे नकोसं, तेच दुसऱ्याच्या ढिगात कमी पडतं. तरीही दोन्हीकडचा कचरा वेगवेगळ्या गाड्यांतून तुर्भ्याच्या कचराभूमीकडेच जातो. मला हा निव्वळ आळस वाटतो, तंत्रज्ञानाची उणीव नव्हे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रोज सरासरी शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनांवर स्वतंत्र जबाबदारी टाकली. मोठ्या कार्यालयांचं उपाहारगृह आणि आवार धरलं तर हा आकडा फार दूर नाही.

खत नको असेल तर गॅसचाही मार्ग आहे, आणि तो शोधला गेला तोही खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात ओला कचरा आधी वाटून गरम पाण्यासह हवेशीर टाकीत आंबवतात, मग तो हवाबंद टाकीत सोडतात. मिथेन इथेही होतो, फरक इतकाच की तो चुलीखाली जातो. अट मात्र कडक: प्लास्टिक नको, कापड नको.

कार्यालयातल्या कागदी कपाचीही थोडी चौकशी करायला हवी. त्याच्या आतून पॉलिथिनचा पापुद्रा असतो, म्हणून रद्दीवाला तो घेत नाही आणि खतातही तो नीट कुजत नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की अशा कपात 100 मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं ठेवलं तर सुमारे 25,000 सूक्ष्मप्लास्टिक कण त्यात उतरतात. टेबलावर स्वतःचा स्टीलचा पेला ठेवणाऱ्या जुन्या हेडक्लार्कला आपण उगाच हसत होतो. बटणसेल, ट्यूबलाइट आणि जुने चार्जर मात्र ना ओल्यात ना सुक्यात, ते वेगळेच ठेवायचे. ट्यूबमध्ये पारा असतो, ती फुटली की तो खोलीभर होतो. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करावी. कचरा हाताने निवडणाऱ्या बायकांना ती खूण लांबूनच कळते.

जे निसटतं ते खाडीत येतं. प्रवाहाच्या तोंडाशी लावलेली डोल जाळी मासळीसोबत प्लास्टिकही गाळते. काठावरच्या तिवराचे हाल आणखी वेगळे. त्याची पेन्सिलीसारखी उभी मुळं चिखलातून वर येऊन हवा घेतात, आणि त्यांच्यावर पिशवी पसरली तर श्वास अडतो. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असं दिसलं की मुळं अर्धी झाकली तरी झाड तग धरतं, पण पुरती झाकली तर पानं गळतात आणि झाड मरू शकतं.

कार्यालयांचा पाला कोळीवाड्याच्या ढिगात घालण्याच्या योजनेत एकच अडचण खरी आहे, ती ऋतूंची. पानगळ मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तेव्हा पाल्याचे ढीग उचलायला माणसं कमी पडतात. पावसाळ्यात कोरडं पान दिसत नाही आणि ओला कचरा नेमका तेव्हाच जास्त नासतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेवढाच काय तो दिलासा, पण ऑगस्टमध्ये मासळी येते आणि पाऊस चालूच असतो. म्हणजे मार्चचा पाला ऑगस्टपर्यंत कोरडा ठेवायला पत्र्याचं एक छप्पर लागेल, जेट्टीपासून फार दूर नसलेलं, आणि ज्याची किल्ली कोणाकडे राहील हे आधी ठरलेलं.