विश्लेषण : छत्रपतींची गादी एक, मग सातारा आणि कोल्हापूर अशा दोन कशा झाल्या?

लोअर परळच्या गिरण्यांमध्ये एकाच खात्यात काम करणारे आणि एकाच चाळीत राहणारे अनेक कामगार सातारा आणि कोल्हापूरकडचे होते. दोघांचेही राजघराणे शिवाजी महाराजांच्या वंशातले, पण गाद्या दोन. ही फूट भाऊबंदकीतून पडली; ती टिकली मात्र सरदार घराण्यांमुळे.

वाद कशावरून सुरू झाला?

छत्रपती संभाजी महाराजांची १६८९ मध्ये हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराजांनी जिंजीहून लढा चालवला. १७०० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर महाराणी ताराबाईंनी मुलगा शिवाजी यास गादीवर बसवून औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि मोगलांनी शाहूंना सोडले. मराठ्यांत दुफळी माजावी, हाही त्यामागचा हेतू होता.

दोघांचे दावे काय होते?

शाहू थोरल्या शाखेचे वारस. ताराबाईंचे म्हणणे असे, की संभाजी महाराजांचे राज्य मोगलांनी जिंकले; आजचे राज्य राजाराम महाराजांनी नव्याने मिळवले, म्हणून ते त्यांच्या मुलाचे. परत आलेले शाहू तोतया असल्याचेही त्यांनी पसरवले.

निकाल कोणी लावला?

सरदारांनी. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेड येथे फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पुढे पन्हाळा-कोल्हापूरची स्वतंत्र गादी उभी केली.

पण निष्ठा पक्की नव्हती. धनाजींचा मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये शाहूंना सोडून ताराबाईंकडे आणि पुढे निजामाकडे गेला. ताराबाईंच्या बाजूचे कान्होजी आंग्रे १७१३ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या शिष्टाईने शाहूंकडे आले.

सरदार बाजू का बदलत?

राजाराम महाराजांच्या काळात खजिना रिकामा होता. मोगल वतनांचे आमिष दाखवत होते, म्हणून मराठी दरबारालाही वतने आणि जिंकलेला मुलूख सरदारांना द्यावा लागला. सरदार स्वतःची फौज स्वतःच्या मुलखावर पोसू लागले. त्यामुळे वतन कायम करील तो राजा त्यांना जवळचा वाटे.

असे जगात इतरत्रही घडले. इ.स.पू. ३२३ मध्ये मॅसेडोनियाचा अलेक्झांडर वारला, तेव्हा त्याचा सावत्र भाऊ आणि तान्हा मुलगा असे दोन राजे झाले. खरी सत्ता सेनापतींनी वाटून घेतली आणि पुढे दोन्ही राजे मारले गेले.

तह कसा झाला?

१७१४ मध्ये कोल्हापुरातच उलथापालथ झाली. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले. १७३० मध्ये शाहूंच्या फौजेने या संभाजींचा पराभव केला. एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह झाला : वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे, उत्तरेचा साताऱ्याकडे. त्याच महिन्यात डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांविरुद्ध सेनापती त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. म्हणजे गाद्यांचे भांडण मिटले, तरी घराण्यांचे सुरूच होते.

पुढे काय झाले?

शाहू १७४९ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांच्यामागे गादीवर आलेल्या रामराजांना ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केले होते. वर्षभरातच त्यांनीच त्यांना कैद केले. साताऱ्यात छत्रपती नावापुरते उरले आणि कारभार पुण्याच्या पेशव्यांकडे गेला. १८४८ मध्ये डलहौसीने वारस नसल्याचे कारण देऊन सातारा खालसा केले. कोल्हापूर संस्थान टिकले ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत. तहातली वारणा आजही बऱ्याच अंतरापर्यंत सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द आहे.